भांड्यांच्या खडखडाटातील समाधान

समाधानावरील पुस्तकांचा सध्या सुकाळ आहे. पण त्यांतील बहुतेकांत समाधान हे आणखी एक मिळवायचे यशच ठरते. ‘द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड’ या नावाने इंग्रजीत ख्यातनाम झालेले ब्रदर लॉरेन्स यांचे छोटेखानी पुस्तक मात्र निराळ्या जातकुळीचे आहे. मूळ फ्रेंच असलेला हा ग्रंथ म्हणजे काही पत्रे आणि काही संभाषणांची टिपणे. १६९१ साली लॉरेन्स निवर्तले. त्यानंतर जोसेफ द बोफोर या धर्मगुरूंनी ती प्रसिद्ध केली. एका पत्रात तर ते कुणालाही दाखवू नये, अशी अट लॉरेन्स यांनी घातली होती. ग्रंथकार होण्याचा सोस नसलेल्या माणसाचा हा ग्रंथ आहे.

लोरेन प्रांतातील गरीब घरात जन्मलेला निकोलस हर्मन आधी सैनिक झाला. युद्धात जखमी होऊन अधू झाला. पुढे एका धनिकाकडे चाकरीस राहिला. तेथे आपण हाताला येईल ते फोडणारे वेंधळे होतो, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. १६४० मध्ये तो पॅरिसच्या अनवाणी कार्मेली मठात दाखल झाला आणि त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आले.

पुस्तकाचे खरे मर्म येथेच आहे. या कामाची लॉरेन्स यांना उपजत नावड होती. आवडीचे काम मिळाले म्हणून समाधान लाभले, असे येथे घडलेले नाही. शिवाय मठातील पहिली सुमारे दहा वर्षे मनस्तापात गेल्याचे ते लिहितात. तव्यासमोरचा क्षण आणि वेदीसमोरचा क्षण यांत त्यांना अंतर उरले नाही, ते या तपानंतर. म्हणूनच त्यांच्या शब्दांत उपदेशाचा गुळचटपणा नाही. अनुभवाचे वजन आहे.

पुस्तकात उणिवा आहेत. पत्रांत तेच ते विचार पुन्हा येतात. आजारी व्यक्तीला लिहिताना, तुमची वेदना जावी अशी नव्हे, तर ती सोसण्याचे बळ मिळावे अशी प्रार्थना करतो, असे ते कळवतात, तेव्हा प्रापंचिक वाचकाचे मन मागे सरते. आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईने असे म्हणावे काय? लॉरेन्स यांच्यामागे संसार नव्हता. दोन वेळच्या अन्नाची सोय मठ करीत होता. तेव्हा रास्त मजुरी मागणाऱ्या कामगाराला किंवा पुढे शिकू पाहणाऱ्या मुलीला गप्प बसवण्यासाठी या पुस्तकाचा दाखला देणे हा त्याच्यावर अन्यायच होईल. असलेल्या स्थितीत संतुष्ट राहण्याचा निर्णय ज्याचा त्याने स्वतःसाठी घ्यायचा असतो. तो दुसऱ्यावर लादता येत नाही.

ही मर्यादा ओळखून वाचले, तर हे पुस्तक आपल्या कुटुंबांना फार काही देऊन जाते. मुलांचे दहावीचे गुण, परदेशातील नोकरी, नवे घर या इच्छा गैर नाहीत. मात्र त्या पुऱ्या होतील तेव्हा जगू, असे म्हणता म्हणता आजचे जेवण, आजची प्रार्थना आणि समोर बसलेले माणूस ही सारी नुसती वाट पाहण्यातच सरून जातात. नावडत्या कामातही आजचा दिवस पुरेपूर जगता येतो, याची साक्ष एका लंगड्या आचाऱ्याने तीन शतकांपूर्वी देऊन ठेवली आहे.