पांढऱ्या बेटांची प्रवासवर्णने

मराठी माणसाच्या पायाला भिंगरी लागली आहे आणि ती आता थेट ध्रुवप्रदेशापर्यंत जाऊन फिरू लागली आहे. एके काळी काशीहून परतलेला यात्रेकरू गंगेचा गडू घेऊन येई आणि मावंदे घाली. आज ध्रुवाकडून परतलेला प्रवासी छायाचित्रे घेऊन येतो आणि प्रवासवर्णन लिहितो. दिवाळी अंकात त्या वर्णनाला फराळाच्या ताटातल्या चकलीचा मान असतो. चकली खुसखुशीत झाली की मऊ पडली हे घरातले कोणीही सांगू शकते. मग प्रवासवर्णनाची पारख तेवढी पंडितांवर का सोपवावी?

उदाहरणादाखल स्वालबार्डचा द्वीपसमूह घेऊ. नॉर्वेच्या उत्तरेस, ७४ ते ८१ अंश अक्षांशांच्या दरम्यान पसरलेली ही बेटे. त्यांचा निम्म्याहून अधिक भाग हिमनद्यांखाली आहे. लाँगयिअरब्येन या मुख्य गावातून मोहिमेची छोटी जहाजे निघतात. प्रवासी रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरतात, आणि अस्वलाच्या भीतीने वाटाड्या खांद्याला बंदूक लावून पुढे चालतो. एवढी सामग्री हाती असताना वर्णन रंगू नये असे कोण म्हणेल? पण ते रंगत नाही. ‘शुभ्र चादर’ पसरते, ‘डोळ्यांचे पारणे’ फिटते, निसर्ग ‘रौद्र’ होतो आणि अखेरीस ‘शब्द अपुरे’ पडतात. शाळामास्तराला हा मजकूर ओळखीचा वाटतो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात तो दरवर्षी चाळीस वह्यांतून तपासावा लागतो. फक्त तेथे चादर हिरवी असते.

शब्द शिळे आहेत एवढीच तक्रार असती तर दिवाळीच्या दिवसांत ती केली नसती. खरी तक्रार अशी की, या शब्दांनी ती बेटे निर्मनुष्य होतात. लेखक, त्याचे कुटुंब, जहाजावरचे जेवण आणि पांढरा रंग, याखेरीज तेथे काही उरत नाही. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. १५९६ साली विल्यम बॅरेंट्स या डच दर्यावर्द्याने ही बेटे पाहिली आणि पुढच्या शतकात तेथे देवमाशांच्या चरबीच्या कढया पेटल्या. तेलाच्या लोभापायी तिकडच्या समुद्रातला तो जीव जवळजवळ नामशेष झाला. मग कोळसा आला. नी-ओलेसुंड या चिमुकल्या वस्तीत १९६२ च्या नोव्हेंबरात खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मेले. खाण बंद पडली आणि त्या प्रकरणात १९६३ साली नॉर्वेचे सरकारही कोसळले. आज तेथे अनेक देशांची संशोधन केंद्रे आहेत. त्यांत २००८ साली उघडलेले आपले ‘हिमाद्री’ही आहे, त्याचा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. लाँगयिअरब्येनमध्ये तर शाळा आहे, दुकाने आहेत, संसार आहेत. २०१५ च्या डिसेंबरात डोंगरावरचा बर्फ सुटून तेथल्या घरांवर आला. दोघे गेले, त्यांत एक लहान मूल होते. पुढे त्या उताराखालची कितीतरी घरे पाडावी लागली.

आता हे सारे प्रवाशाने लिहिलेच पाहिजे का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्ही कर्जत-खालापूरकडची माणसे देऊ शकतो, कारण आम्हीही कोणाच्या तरी प्रवासवर्णनातली माणसे आहोत. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढण्यासाठी मागून इंजिने जोडतात, तेवढ्या वेळात वडा खाऊन ज्यांनी कर्जत पाहिले, त्यांच्या वर्णनात कर्जत म्हणजे वडा. पावसाळ्यात धबधब्याखाली भिजून गेलेल्यांच्या वर्णनात आमचा तालुका म्हणजे धबधबा. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाविषयी पुष्कळांनी लिहिले. त्याचा सुळका लिहिला, नेढे लिहिले, वारा लिहिला. वाटेवरची ठाकरांची वाडी त्यांच्या लेखी चढणीवरचा एक विसावा होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि इर्शाळवाडीतली घरे गाडली गेली. पाऊणशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर महाराष्ट्राला तिचे नाव कळले. प्रवासवर्णनाने दरड अडवता आली असती असे माझे म्हणणे नाही. पण ज्या अंगणात बसून पाणी प्यायलो, त्या अंगणावर कोणता उतार झुकला आहे, एवढे तरी वर मान करून पाहावे की नाही?

ही अपेक्षा आपल्या परंपरेला परकी नाही. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातले वरसई हे विष्णुभट गोडसे यांचे गाव. डोक्यावरचे कर्ज फेडावे म्हणून दक्षिणेच्या आशेने ते उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला, तो आजही वाचवतो, कारण झाशीच्या वेढ्यात ते तेथल्या माणसांबरोबर भ्याले आणि उपाशी राहिले. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० ची. तिच्यात वेढा नाही, निखळ मौज आहे. पण ती मौजही माणसांच्या संगतीतली आहे. तेव्हा गंभीर असावे की विनोदी, हा वाद येथे नाही. परक्या गावात आपण पाहुणे आहोत याची जाणीव दोघांनाही आहे, आणि हल्लीच्या ध्रुववर्णनांत नेमकी तीच हरवली आहे.

आणखी एक आक्षेप येईल. जहाज पाच-सात दिवसांचे, उतरणे दोन-तीन तासांचे. एवढ्यात कोणाला काय कळणार? या आक्षेपाला उत्तर लोकमान्यांनी देऊन ठेवले आहे. टिळक ध्रुवप्रदेशात कधी गेले नाहीत. तरी १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात त्यांनी ध्रुवावर उभ्या राहिलेल्या माणसाला काय दिसेल याचा बारकाईने विचार केला आहे: तारे उगवत-मावळत नाहीत, डोक्यावर फिरवलेल्या छत्रीसारखे आकाश गरगरते, आणि पहाट एका जागी न थांबता कित्येक दिवस क्षितिजाभोवती फिरत राहते. आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा त्यांचा सिद्धांत आज विद्वान मानत नाहीत, तो भाग वेगळा. पण पुण्यात बसून त्यांना जे दिसले, ते जहाजाच्या कठड्याला रेलून पुष्कळांना दिसत नाही. त्यांच्यापाशी प्रश्न होता. आपल्यापाशी तिकीट असते.

एक प्रश्न तर दिवाळीनेच आपल्या हाती दिला आहे. आपण पणत्या लावतो त्याच सुमारास, ऑक्टोबर सरता सरता, लाँगयिअरब्येनचा सूर्य क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. वर आला तरी डोंगरांच्या आडोशामुळे गावात ऊन पडायला मार्च उजाडतो. ८ मार्चच्या सुमारास जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर पहिले किरण येतात आणि अवघे गाव तेथे जमून त्यांचे स्वागत करते. उन्हाळी जहाजाने जाणाऱ्याला हा अंधार दिसत नाही, हे कबूल. पण ज्याच्या घरी जायचे, त्याची रात्र कशी जाते हे विचारण्याला ऋतूची अडचण नसते.

यजमानानेही आता दाराशी नियम लावले आहेत. १ जानेवारी २०२५ पासून तेथल्या संरक्षित भागात २०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजाला मज्जाव आहे, उतरण्याच्या ४३ जागा नेमून दिल्या आहेत आणि अस्वलापासून निदान ३०० मीटर दूर राहायचे आहे. मार्च ते जूनमध्ये तर ५००. अस्वल आपल्याला पाहून दचकू नये, हा त्यातला हेतू. प्रवासी लेखकांनी हे अंतराचे कलम जरूर पाळावे. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांनी थोडे अधिक जवळ जावे.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत ध्रुवाचे वर्णन हाती आले की एवढेच करून पाहा. त्यात पांढरा हा शब्द आला असेल तेथे हिरवा घाला आणि बर्फाच्या जागी पाऊस. लेख तरीही बिनबोभाट चालत राहिला, तर लेखक त्या बेटांवर उतरलाच नाही असे खुशाल समजा. अडखळला, एखाद्या खाणीशी, एखाद्या पायरीशी, एखाद्या उताराखालच्या घराशी येऊन थांबला, तर मात्र तो अंक जपून ठेवा. घरातल्या मुलांना वाचून दाखवण्याजोगे काही त्यात आहे.