केसाने गळा कापणारा नियम

आखूड केसांच्या, उत्तम वंशावळीच्या नर-मादीला पाच पिल्ले झाली असे समजा. चार आईबापांसारखी तुळतुळीत. पाचव्याच्या कानांवर, शेपटीवर आणि मांड्यांमागे मात्र दोन-तीन महिन्यांत लांब केस दिसू लागतात. पिल्लू निरोगी आहे, नाक तिखट आहे, पाय सरळ आहेत. तरीही प्रदर्शनाच्या रिंगणात त्याला जागा नाही, कारण त्या जातीच्या संघाने ठरवलेल्या वर्णनात 'केस आखूड' असे लिहिलेले असते. मग ते 'सदोष' म्हणून स्वस्तात विकले जाते, त्याची पैदास केली जात नाही. वर पिल्लाच्या आईने कुठे शेण खाल्ले, अशी कुजबुजही होते.

नववीच्या वर्गात मेंडेलचा वाटाणा शिकवणाऱ्याला यात नवल वाटायचे कारण नाही. बहुसंख्य जातींत आखूड केस हे प्रभावी लक्षण आहे आणि लांब केस अप्रभावी. उंच वाटाण्यांच्या पोटी बुटका वाटाणा निघतो, तसेच हे. एफजीएफ-5 नावाचे एक जनुक केसाच्या मुळाला 'आता वाढ पुरे' असा निरोप देते. त्यात बिघाड झाला की निरोप उशिरा पोचतो आणि केस वाढत राहतो. कुत्र्यांतला हा संबंध 2006 साली दाखवला गेला. 2009 साली तर असे दिसले, की केसांची लांबी, कुरळेपणा आणि दाढीमिशा यांतली बहुतेक विविधता अवघ्या तीन जनुकांच्या जुळवाजुळवीतून होते. लांब केसांच्या मांजरांतही हेच एफजीएफ-5 बिघडलेले सापडते. म्हणजे इतकी खानदानी भांडणे जिच्यावरून चालतात, ती गोष्ट एका जनुकाच्या एका निरोपाएवढी आहे.

बरे, संघाला आखूड केसच हवे असतील, तर हवेत. आपली जात कशी दिसावी हे ठरवायचा अधिकार त्यांना आहे. पण नियम निदान स्वतःचे काम तरी करतो का? फळ्यावर हिशेब मांडून पाहू.

एखाद्या जातीत शंभरात एक पिल्लू लांब केसांचे निघते असे धरा. त्याच्याजवळ लांब केसांच्या जनुकाच्या दोन प्रती आहेत. नेहमीच्या सूत्राने पाहिले तर त्याच शंभरात अठरा पिल्ले अशी असतात, की ज्यांच्याजवळ एकेक प्रत आहे पण केस आखूड आहेत. एकूण प्रती वीस. संघ त्यांतल्या दोन काढून टाकतो, आणि उरलेल्या अठरा ऐटीत रिंगणात फिरतात, कदाचित चषकही मिळवतात. प्रत्येक पिढीत लांब केसांचे एकूण एक पिल्लू पैदाशीतून वगळले, तर दहा पिढ्यांनंतर प्रमाण शंभरात एकावरून चारशेत एकावर येते. कुत्र्यांच्या दहा पिढ्या म्हणजे तीस-चाळीस वर्षे. एवढा काळ कडक शिस्त पाळून जनुकाचे प्रमाण फक्त निम्मे झाले! विद्यार्थ्यांकडून हा हिशेब जरूर करवून घ्यावा. पांढरे आणि काळे मणी पिशवीत घालून केला तर आठवीच्या मुलांनाही जमतो.

आता जनुकीय चाचणी निघाली आहे, तेव्हा ते अठरा वाहकही ओळखता येतात. पण मला खरी भीती याच टप्प्याची वाटते. कारण नियम तोच ठेवला, तर आता शंभरातली एकोणीस पिल्ले बाद करण्याचा मोह होईल. जातिवंत कुत्र्यांची वंशनोंद बहुधा बंद असते. बाहेरचे रक्त आत येत नाही. अशा लहानशा कळपातून पाचवा हिस्सा केवळ केसांसाठी बाहेर काढला, की त्यांच्याबरोबर रोगप्रतिकाराची, हृदयाची, सांध्यांची चांगली जनुकेही जातात. उरलेली भावंडे एकमेकांच्या अधिक जवळची होतात, आणि लपून बसलेल्या खऱ्या दोषांच्या दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. केसाने गळा कापणे याहून वेगळे काय असते?

नियम निसर्गाने घालून दिलेला नाही हे तर नियमांची तुलना केली तरी कळते. आपण ज्याला अजून अल्सेशियन म्हणतो त्या जर्मन शेफर्डचा संघ 1899 सालचा. लांब केसांचे जर्मन शेफर्ड अनेक वर्षे पैदाशीतून बाद होते. 2010 साली वर्णन बदलले आणि आतला लोकरीसारखा थर असेल तर लांब केसही मान्य झाले. कुत्रा तोच राहिला, कागद बदलला. बेल्जियन शेफर्डची कथा आणखी गमतीची आहे. युरोपात ही एक जात आणि तिचे चार प्रकार; अमेरिकेच्या केनेल क्लबने 1959 साली त्यांच्या स्वतंत्र जाती केल्या. यांतला आखूड केसांचा मॅलिनॉय आज आपल्या निमलष्करी दलांबरोबर नक्षलविरोधी मोहिमांत जंगल तुडवतो. अटलांटिक ओलांडल्यावर सख्ख्या भावंडांची जात बदलते, हे जीवशास्त्रात बसवायचे कसे?

तरीही केसांची लांबी ही अगदीच निरर्थक बाब आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत तर नाहीच. मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य पंखा. पावसाळा सुरू झाला, हवा दमट झाली, की तोही नीट चालत नाही. त्यात लांब केसांत गोखरू आणि कुसळे अडकतात, गोचीड लपतात. गुराख्यामागे रानात जाणारा आमच्याकडचा गावठी कुत्रा आखूड केसांचा असतो, तो कोणत्या संघाने सांगितले म्हणून नव्हे.

सेंट बर्नार्डचा दाखला इथे बोलका आहे. आल्प्समधल्या मठातली ही कुत्री मुळात आखूड केसांची होती. 1830 च्या सुमारास थंडीसाठी बरे म्हणून लांब केसांच्या न्यूफाउंडलंडशी संकर केला. झाले उलटेच: लांब केसांत बर्फाचे गोळे चिकटू लागले. तेव्हा साधूंनी आखूड केसांची कुत्री ठेवली आणि लांब केसांची खाली खोऱ्यात देऊन टाकली. बर्फातसुद्धा आखूड केस सरस ठरले, कारण परीक्षक बर्फ होता. आज मात्र लांब केसांचाच सेंट बर्नार्ड अधिक मिरवतो, आणि आपल्या शहरांतले हौशी लोक त्याला वातानुकूलित खोलीत सांभाळतात. म्हणजे माझा आक्षेप लांबी मोजण्याला नाही. ती कशासाठी मोजतो हे विसरण्याला आहे.

घरचे उदाहरण घ्यायचे तर आपल्या दख्खनचा शिकारी कुत्रा पाहावा. केनेल क्लब त्याला कारवान म्हणतो, सरकारी नोंदीत तो मुधोळ आहे. 2005 साली टपाल तिकिटावर आला तोही मुधोळ म्हणूनच. याच कुळातल्या, कानाशेपटीवर रेशमी झालर असलेल्या कुत्र्याला लोक पश्मी म्हणतात. पश्मी वेगळी जात की कारवानचाच प्रकार, यावर हौशी मंडळींत हमरीतुमरी चालते. अरबस्तानातल्या सालुकीचे लोक शहाणे. त्यांच्याकडेही झालरवाला आणि बिनझालरीचा असे दोन्ही असतात, पण वर्णन एकच आहे आणि त्यात दोघांनाही जागा आहे. आपल्याकडे मुळात ही कुत्री संख्येने थोडी. त्यांचे केसांवरून दोन कप्पे केले, तर दोन्ही कप्पे अपुरे पडतील.

जातीची नोंद करण्याची दुसरी एक रीतही आहे, आणि ती आमच्या दारातच पाहायला मिळते. चंद्रपूर, गडचिरोली आणि गोंदियाच्या भातपट्ट्यातली कठाणी गाय 2023 च्या सुमारास राष्ट्रीय यादीत आली. कर्नालचा राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन ब्यूरो अशी नोंद करतो तेव्हा गावोगाव जनावरे मोजली जातात. शिंगे, रंग, बांधा कसकसे आढळतात आणि त्यांत फरक किती, ते लिहिले जाते. शेतकऱ्याच्या लेखी चिखलात ओढकाम करणारा बैल ही कठाणीची किंमत. आधी जनावर पाहायचे, मग वर्णन लिहायचे, असा तिथला क्रम आहे. कारवान-पश्मीच्या वंशनोंदीत केसांसाठी एक साधा रकाना ठेवला, त्यात 'आखूड' किंवा 'झालर' एवढेच लिहिले आणि दोन्ही पिल्लांची नावे एकाच वहीत घेतली, तर कोणत्याही संघाचे काही बिघडणार नाही. आणि पुढच्या संशोधकाला कोणत्या जोडीतून किती झालरवाली निघाली, हे मोजायला आकडे मिळतील.