उचल्या, भामटा आणि पाच हजारांची रेघ

गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरायचे, मांडलेल्या मालातली एखादी वस्तू पिशवीत किंवा कपड्यांत सरकवायची आणि पैसे न देता बाहेर पडायचे, या कृत्याला इंग्रजीत ‘शॉपलिफ्टिंग’ हा नेमका शब्द आहे. मराठीत तसा रुळलेला शब्द नाही. आपली वर्तमानपत्रे ‘दागिने लांबवले’, ‘हातोहात माल पळवला’ असे लिहितात आणि करणाऱ्याला ‘भामटा’ म्हणतात. व्यापाऱ्यांच्या बोलण्यात ‘उचलेगिरी’ येते, तर पोलिसांच्या टिपणांत ‘सराईत’. सावरकरांनी १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात ज्या रत्नागिरीतून भाषाशुद्धीचा पुरस्कार केला, त्या गावातही या शब्दांचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. दुकानदार आणि पोलीस यांनी मिळून दुकानांतल्या चोऱ्या रोखाव्यात, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु हे सहकार्य आज ज्या शब्दांवर आणि ज्या आकड्यावर उभे आहे, ते दोन्ही तपासायला हवेत, असे माझे म्हणणे आहे.

फळी गेली, फडताळ आले

रत्नागिरीच्या राम आळीतले जुन्या पद्धतीचे दुकान डोळ्यांपुढे आणा. पुढे लाकडी फळी, फळीमागे मालक, मालकामागे माल. गिऱ्हाईक मागणार, नोकर काढून देणार, मालक वहीत मांडणार. या रचनेत गिऱ्हाइकाने चोरी करण्याला फारसा वावच नव्हता. संशय असलाच तर उलट दिशेने जाई. ‘मापात पाप’ हा वाक्प्रचार दुकानदारासाठी आहे, गिऱ्हाइकासाठी नाही. शिवाय वहीत उधारी असल्यामुळे गिऱ्हाइकाचे नाव, वाडी आणि मुंबईला नोकरीत असलेला मुलगा, सगळे दुकानदाराला ठाऊक असे.

ही फळी मोडण्याची कल्पना अमेरिकेतली. १९१६ मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले. त्यात गिऱ्हाइकाने स्वतः फडताळावरून माल घ्यायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. नोकरांचा खर्च वाचला आणि विक्री वाढली, कारण हाताला लागलेली वस्तू माणूस गरज नसतानाही टोपलीत टाकतो. नेमक्या याच कारणाने चोरीही सोपी झाली. मोह वाढवणे हा या दुकानाच्या रचनेचा हेतूच आहे. त्या मोहातून होणारी खरेदी नफ्याच्या खात्यात जाते आणि चोरी पोलिसांच्या.

मारुती मंदिरापासून साळवी स्टॉपपर्यंत फिरले, तर ही दोन्ही प्रकारची दुकाने शेजारी शेजारी दिसतात. गणपतीच्या आधीच्या दिवसांत चाकरमानी उतरले, की तिथे पाय ठेवायला जागा नसते. जुन्या दुकानाचे रक्षण ओळख करीत होती. नव्या दुकानाला ओळख नाही, म्हणून कॅमेरा आला. कॅमेरा पाहतो, पण ओळखत नाही. ओळखण्याचे काम शेवटी माणसालाच करावे लागते, आणि तिथे शब्द कामी येतात.

दुकानदाराची बाजू

दुकानदाराचे दुःख खोटे नाही. खर्च वजा जाता शंभर रुपयांच्या विक्रीत दहा रुपये उरतात असे धरले, तर पाचशे रुपयांची एक वस्तू गेल्यावर ते भरून काढायला पाच हजारांची विक्री करावी लागते. मोठी साखळी ही तूट हिशेबात आधीच धरते. एकट्या मालकाच्या दुकानात ती घरखर्चातून जाते. त्यात तक्रार द्यायची म्हणजे ठाण्यात जायचे, जबाब द्यायचा, कॅमेऱ्यातले चित्रण उतरवून द्यायचे, मुद्देमाल म्हणून आपलीच वस्तू जमा करायची आणि पुढे तारखांना हजर राहायचे. एवढे सगळे साबण-शाम्पूच्या बाटल्यांसाठी कोण करणार? म्हणून तो तक्रार देत नाही. तक्रारी नाहीत म्हणून पोलिसांच्या नोंदीत गुन्हा नाही, आणि नोंद नाही म्हणून बंदोबस्तही नाही. सहकार्याची खरी गरज इथे आहे.

एक गुन्हा, दोन कलमे

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याच कलमात एक नवी तरतूद आहे : चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून त्याला समाजसेवा करावी लागेल. पाच हजारांखालची अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र धरली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तरतूद मला स्वागतार्ह वाटते. चुकलेल्या पोराला तुरुंगाऐवजी झाडू हातात देणे समाजाला परवडणारे आहे.

पण पुढचे कलम ३०५ वाचावे. राहत्या घरात, किंवा माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीत केलेल्या चोरीला तिथे सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्यात पाच हजारांची रेघ नाही आणि समाजसेवाही नाही. आता दुकान ही माल ठेवण्याची इमारत नाही, असे कोण म्हणेल? म्हणजे तीनशे रुपयांची तीच वस्तू, तेच दुकान आणि तोच माणूस. ठाणे अंमलदाराने ३०३ लिहिले तर एन.सी. नोंदवून विषय जवळपास संपतो, आणि ३०५ लिहिले तर अटक होऊ शकते. कायदा करणाऱ्यांनी जी दया दाखवली, ती दुकानातल्या चोराला मिळणार की नाही, हे अशा रीतीने फिर्याद लिहिणाऱ्याच्या लेखणीवर येते. ती लेखणी कोणासाठी कशी चालते, हा या विषयाचा गाभा आहे.

किमतीच्या रेघेचा इतिहास इंग्लंडमध्ये वाचायला मिळतो. तिथे १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीचा माल गुपचूप उचलणाऱ्याला फाशीची तरतूद झाली. ज्यूरीतल्या माणसांना ते सोसवेना. मग ते डोळ्यांदेखत महागड्या मालाची किंमत चार शिलिंग दहा पेन्स ठरवू लागले. १८१० मध्ये सॅम्युएल रोमिली यांनी ही फाशी रद्द करण्याचे विधेयक आणले, तेव्हा हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळले. व्यापार सुरक्षित राहणार नाही, अशी भीती होती. पुढे दशकभरात फाशी जाऊ लागली आणि दुकाने काही ओस पडली नाहीत. ज्यूरी आरोपीसाठी किंमत उतरवत होती. आपल्याकडे पंचनाम्यात किंमत कोणाच्या सोयीने चढेल वा उतरेल, हे आत्ताच विचारून ठेवावे. छापील किंमत धरायची, विक्रीची की खरेदीची? पाच हजारांच्या आसपास हा फरक माणसाचे आयुष्य बदलू शकतो.

मागच्या खोलीतला न्याय

प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे कलमापर्यंत पोहोचतच नाहीत. ती दुकानाच्या मागच्या खोलीत मिटतात. माणसाला बसवून ठेवायचे, माफीनामा लिहून घ्यायचा, किमतीच्या कितीतरी पट रक्कम वसूल करायची, फोटो काढायचा आणि तो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा. याला अनेकजण ‘प्रकरण वाढवले नाही’ असा चांगुलपणा समजतात.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य नागरिकालाही ठरावीक परिस्थितीत, आपल्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडता येते. मात्र त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. पकडण्याचा अधिकार आहे. दंड वसूल करण्याचा, धमकावून लिहून घेण्याचा किंवा अंगझडती घेण्याचा नाही. अटकेनंतर पोलिसांनाही स्त्रीची झडती स्त्रीकडूनच, सभ्यता राखून घ्यावी लागते. ही बंधने दुकानातल्या सुरक्षारक्षकाला कोणी सांगितलेली असतात का? तो बहुधा कंत्राटी, तुटपुंज्या पगारावरचा माणूस असतो आणि माल कमी भरला तर पहिला संशय त्याच्यावर येतो.

शिवाय गाव लहान आहे. मुंबईत फोटो फिरला तरी माणूस दुसऱ्या उपनगरात हरवून जातो. रत्नागिरीत तो फोटो संध्याकाळपर्यंत वाडीत पोहोचतो. कोकणात हरवलेल्या वस्तूसाठी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. त्यात ज्याने कोणी नेले त्याला सद्बुद्धी होऊन वस्तू परत यावी, यासाठी नाव न घेता वाट ठेवलेली असते. व्हॉट्सॲपच्या गाऱ्हाण्यात नाव आणि चेहरा आधी येतात, शहानिशा नंतर. कित्येकदा येतच नाही.

शब्दांच्या पोटात जात

आता सुरुवातीच्या शब्दांकडे येतो. ‘भामटा’ हा आपण लुच्च्या माणसासाठी सहज वापरतो. महाराष्ट्र शासनाची विमुक्त जातींची यादी उघडली, तर त्यात ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ ही जमातींची नावे आहेत. ‘उचल्या’ हेही तसेच. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आले आणि त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी अनुवादाला ‘द ब्रँडेड’, म्हणजे डागलेले, असे नाव दिले गेले. अनुवादकाने जे ओळखले ते आपल्या गुन्हेवार्ताहरांनी अजून ओळखलेले नाही.

‘उचल्या’ची थोरवी त्यातल्या दारिद्र्याच्या वर्णनात शोधली जाते. मला ती दुसरीकडे दिसते. हे पुस्तक चोरी नाकारत नाही. चोरीचे शिक्षण कसे मिळते, बाजारात आणि जत्रेत हात कसा चालतो, हे ते लपवत नाही. पण त्याच वेळी पोलीस आणि चोर यांच्यातला देण्याघेण्याचा व्यवहार ते उघडा करते, आणि चोरी सोडू पाहणाऱ्याला नावामुळेच ती सोडता येत नाही, हे दाखवते. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त हजेरीचा जाच येतो तो याच व्यवस्थेचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. ‘सराईत’ हा शब्द जमातीचे नाव घेत नाही, तरी ठाण्यात त्याची यादी कोणाच्या वस्तीपासून सुरू होते, हे ‘उचल्या’च्या वाचकाला सांगावे लागत नाही.

हे जुने झाले, असे म्हणता येणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंग नियमावल्यांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द केल्या, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. न्यायालयाला हे २०२४ मध्ये सांगावे लागले. अशा वेळी व्यापारी संघटनेच्या बैठकीत ‘उचलेगिरीपासून सावध’ असे म्हणताना आणि बातमीत ‘भामट्याने’ असे छापताना आपण जमातीचे नावच गुन्ह्याचे नाव म्हणून वापरतो. अनोळखी, मळक्या कपड्यांतली बाई दुकानात आली, की नोकराची नजर तिच्यामागे जाते. ती नजर या शब्दांनी घडवली आहे.

इतरांच्या अनुभवातून

इंग्लंडमध्ये २०२३ साली मोठ्या किरकोळ साखळ्यांनी स्वतःचे पैसे घालून पोलिसांबरोबर ‘पेगासस’ हा उपक्रम सुरू केला. त्याचा रोख संघटित टोळ्यांवर आहे. तिथेही २०१४ च्या कायद्याने दोनशे पौंडांची रेघ आखली होती. तिच्याखालच्या चोरीकडे पोलीस फिरकत नाहीत, ही दुकानदारांची तक्रार इतकी वाढली, की २०२५ मध्ये ती रेघ पुसण्याचे विधेयक संसदेत आले. यातून एक गोष्ट घेण्याजोगी आहे : टोळीचा धंदा आणि एकट्यादुकट्याची चोरी यांना वेगळे वागवावे. उलट बाजूचा धडा अमेरिकेतला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘राइट एड’ या औषध दुकानांच्या साखळीला चेहरा ओळखण्याचे तंत्र पाच वर्षे वापरण्यास मनाई केली. यंत्राने निरपराध गिऱ्हाइकांना चोर ठरवले होते. त्यात झडती घेतली गेलेली अकरा वर्षांची एक मुलगीही होती.

काय लिहून ठेवावे

रत्नागिरीतल्या व्यापाऱ्यांनी आणि पोलिसांनी एकत्र बसावे, ते चार गोष्टी लिहून ठेवण्यासाठी. पहिली, पाच हजारांखालची, पहिलीच आणि माल परत मिळालेली चोरी कोणत्या कलमाखाली नोंदवायची, याचे एकच धोरण असावे, आणि मालाची किंमत बिलावरून ठरावी. दुसरी, पकडलेल्या माणसाची वेळ लिहावी आणि तडक ठाण्याला कळवावे. मागच्या खोलीत वसुली नको. तिसरी, चित्रण पोलिसांना द्यावे, गटावर टाकू नये. चौथी, तक्रार देणाऱ्याला त्याचा मुद्देमाल लवकर परत मिळावा, म्हणजे तो तक्रार देण्याला कंटाळणार नाही.

पाचवी गोष्ट आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांची आहे. ‘दुकानचोरी’ हा साधा, सरळ शब्द वापरावा. तो कृत्याचे नाव सांगतो, कोणाच्या कुळाचे नाही. चोरी करणारा ‘आरोपी’ असतो, आणि दोष सिद्ध झाला तर ‘दोषी’. एवढे दोन शब्द बातमीला, ठाण्यातल्या नोंदवहीला आणि दुकानातल्या सूचनाफलकाला पुरतात.