वेगळ्या चुलीचा अर्थ

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’वर मराठी वाचकाने जितके प्रेम केले, तितके फार थोड्या आत्मचरित्रांवर केले असेल. तथापि हे प्रेम जितके जिव्हाळ्याचे आहे तितके चिकित्सेचे नाही, असे म्हणावे लागते. सोवळ्याच्या वेडाने अवघ्या घरादाराला जेरीस आणणारे वडील, हातातला पैसा वाटेतल्या गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी येणारे टिळक, आणि या दोहोंकडे हसत हसत पाहणारी, प्रसंगी स्वतःलाच हसणारी लेखिका, एवढे चित्र आपल्या मनावर पक्के ठसलेले असते. पाठ्यपुस्तकांतून आलेले उतारेही बहुधा याच जातीचे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा जो खरा कणा, म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाला श्रद्धेच्या वाटेवर कसे न्यावे आणि कोठवर न्यावे हा प्रश्न, तो मात्र ‘ख्रिस्ती भाग’ म्हणून आपण आदराने बाजूला ठेवतो.

ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादांची नावे पाहिली तरी हे ध्यानात येते. १९५० साली जोसेफीन इंकस्टर यांनी केलेल्या अनुवादाचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागून येते’. २०१७ साली शांता गोखले यांचा अनुवाद आला. त्याच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाई तेजस्वी ‘पत्नी’ म्हणून अवतरतात. पहिल्या नावात त्या अनुयायी आहेत, दुसऱ्यात पत्नी. दोन्ही नावे खोटी नाहीत. पण पतीच्या पाठोपाठ चालत जाऊन त्या ख्रिस्ती झाल्या, असा जो ग्रह पहिल्या नावाने होतो, त्याला खुद्द ग्रंथाचाच आधार नाही. त्या मागून गेल्या नाहीत. त्या आपल्या वेळेला, आपल्या विचाराने गेल्या. आणि हे शक्य झाले ते एका अगदी घरगुती गोष्टीमुळे: टिळकांच्या घरात त्यांची चूल वेगळी होती.

या चुलीकडे वळण्यापूर्वी तिच्या आधीचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. आपण बेंगळूरुत राहणाऱ्या मराठी मंडळींना तो फार दूर शोधावा लागत नाही. चिकपेट म्हटले की आपल्याला शहाजीराजांच्या जहागिरीची आठवण होते आणि मन सुखावते. पण याच पेठेच्या कडेने ॲव्हेन्यू रोडला लागले की राइस मेमोरियल चर्च दिसते, त्यापुढे आपण सहसा थांबत नाही. बेंजामिन राइस हे लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक १८३७ साली येथे आले आणि १८८७ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी कन्नडातून काम केले. त्यांचे पुत्र लुई राइस यांनी पुढे ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या रूपाने या प्रांताचे शिलालेख उजेडात आणले. याच सोसायटीची एक शाळा बेळगावात होती आणि त्या शाळेत १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी शिकत होते. चिकपेटेच्या कडेचे हे कन्नड देवालय आणि मराठीतील पहिली कादंबरी मानली गेलेली ‘यमुनापर्यटन’ यांचा असा एक अप्रत्यक्ष संबंध पोहोचतो.

पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ साली निघाले. १८५४ साली बाप्तिस्मा घेण्यापूर्वी त्यांनी कित्येक वर्षे संशयात काढली. मुंबईस परमहंस सभेत ते वावरले, परत फिरले, पुन्हा विचारात पडले. ग्रंथ प्रामाणिक आहे, मात्र त्यात माणसांपेक्षा ग्रंथ आणि वाद अधिक बोलतात. मार्गदर्शक आहेत, पण त्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत. वादात जिंकणे म्हणजे दुसऱ्याला वाट दाखविणे, अशी त्या काळच्या मिशनची समजूत होती आणि ‘अरुणोदय’ बऱ्याच अंशी त्या समजुतीत वाढलेले पुस्तक आहे.

पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात ही समजूत प्रथम मोडते. आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीने २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात, वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन या तिच्या धर्ममाता झाल्या. परका देश, पदरी लहान मुलगी, जवळ पैसा नाही, आणि राहणेखाणे मठाच्या आश्रयाने. अशा स्थितीतल्या स्त्रीने मान खाली घालून ऐकावे, अशी अपेक्षा कोणी केली असती तर नवल नव्हते. पण रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका घेतली. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याबद्दल हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत देताच, आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाच्या हवाली केलेली नाही, असे त्यांनी निक्षून कळविले. गळ्यातील क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत, हाही त्यांचा आग्रह होता. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या आग्रहात मोठा अर्थ आहे. देवाशी बोलण्याची भाषा शिष्याची असावी की गुरूची, हा तो प्रश्न होय.

या पत्रव्यवहाराचे संकलन खुद्द सिस्टर जेराल्डिन यांनी केले होते, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ते १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. मांडणी गुरूची, टीपा गुरूच्या, हेतूही बहुधा आपली बाजू दाखविण्याचा; पण वाचून झाल्यावर मनात उरते ती शिष्येची बाजू. जेराल्डिन दुष्ट नव्हत्या. त्यांचे रमाबाईंवर प्रेम होते, काळजी होती. त्यांना फक्त थांबता येत नव्हते. शिष्येच्या प्रत्येक प्रश्नात त्यांना अहंकार दिसे. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी सांगितले आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडावयाचा होता. तो पुढे कित्येक वर्षांनी सापडला. धर्ममातेच्या घाईवर याहून सौम्य आणि याहून कठोर टीका दुसरी कोणती असू शकेल?

याच रमाबाई पुढे मार्गदर्शकाच्या आसनावर बसल्या, आणि तेथे निवाडा करणे सोपे राहत नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. तेथे धर्मोपदेश करावयाचा नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. मुली येऊन बसत. १८९३ साली यावरून वादळ उठले आणि रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. आपल्या घरात आपण प्रार्थनेच्या वेळी दार का लावावे, हा रमाबाईंचा प्रश्न बिनतोड होता. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतोच. केशवपन झालेली, सासरमाहेर दोन्ही तुटलेली बारा वर्षांची विधवा मुलगी त्या उघड्या दाराशी येते, तेव्हा ती मोकळ्या मनाने येते काय? आपले छप्पर, अन्न, अक्षरे हे सर्व ज्या एका बाईच्या हातचे, तिच्या देवाला नको म्हणण्याची ताकद त्या पोरीत कोठून यावी? रमाबाईंनी सक्ती केली, असे मी म्हणत नाही. सक्ती न करताही आश्रयदात्याच्या प्रेमाचे एक वजन असते आणि ते वजन देणाऱ्याला जाणवत नाही, एवढेच म्हणावयाचे आहे. वाँटेजला जे त्यांना स्वतःला जाणवले होते, ते पुण्यास तितके जाणवले नसावे.

‘स्मृतिचित्रां’चे मोल या पार्श्वभूमीवर कळते. नारायण वामन टिळक यांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. पुस्तक देऊन तो माणूस गाडीतून उतरला आणि टिळकांच्या आयुष्यातूनही. मागे राहिले ते पुस्तक आणि वाचणाऱ्याचे स्वातंत्र्य. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. इतक्या अंतरावरून मार्ग दाखविला गेलेला हा माणूस स्वतःच्या पत्नीला मार्ग दाखवू लागला, तेव्हा मात्र अंतर ठेवणे त्याला अवघड गेले. टिळकांचा स्वभाव उतावळा, प्रेम उत्कट. ते पत्रे लिहीत, विनवीत, रुसत. पत्नीला अक्षरओळख करून देण्यातही त्यांचा हाच खाक्या होता: आज झपाट्याने शिकवावे, उद्या विसरावे.

लक्ष्मीबाई काही वर्षांच्या ताटातुटीनंतर पतीकडे आल्या त्या पत्नी म्हणून, ख्रिस्ती म्हणून नव्हे. त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी, त्यांची चूल, सर्व वेगळे. आणि येथे टिळकांतला खरा मार्गदर्शक दिसतो. इतर सर्व बाबतींत उतावळ्या असलेल्या या माणसाने ती चूल सहन केली. एवढेच नव्हे, ती चालावी म्हणून लागेल ती सोय केली. मिशनच्या आवारात, नव्या मंडळींच्या नजरेसमोर, नामांकित धर्मोपदेशकाच्या पत्नीने वेगळे शिजवून खावे, यात त्यांची केवढी शोभा झाली असेल, याची कल्पना करावी. आपल्या जुन्या बोलीत पत्नीलाही ‘मंडळी’ म्हणत आणि ख्रिस्ती समाजातही उपासकांच्या समुदायाला ‘मंडळी’च म्हणतात. बाहेरच्या मंडळीला उपदेश करणाऱ्या टिळकांना घरच्या मंडळीने गप्प राहण्यास शिकविले.

फळ काय झाले, ते लक्ष्मीबाई कसलाही आव न आणता सांगतात. त्यांच्या मनात प्रथम पडली ती जातीची भिंत. जाती देवाने केल्या की माणसाने, एवढ्या एकाच प्रश्नावर त्यांनी स्वतःशी विचार केला, उत्तर मिळाले, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्या वेळी त्यांना कोणी काही सांगत नव्हते. श्रद्धा तिच्या मागून आली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. चूल आधी त्यांनी स्वतः मोडली, मग त्या मंडळीत आल्या. चूल मुळात वेगळी नसती, तर मोडण्याचे पुण्य त्यांना लाभले नसते. ती दुसऱ्यानेच विझवलेली चूल झाली असती.

याची उलट बाजूही ग्रंथात आहे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात नावारूपास आलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिले. तेथे त्यांनी जेवण, माया, रागलोभ, कवितेचे धडे सर्व घेतले आणि १९१८ साली अपघाती मृत्यू येईपर्यंत ते हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून उतरलेला हा हट्टी, हळवा पोरगा मराठी गद्यातील एक अविस्मरणीय चित्र आहे. पण त्या चित्रात एक गोष्ट अजिबात नाही: त्याने धर्म बदलला नाही म्हणून खंत. ज्या घरात आश्रयाची किंमत श्रद्धेने चुकवावी लागत नाही, त्याच घरातील उपदेशावर विश्वास ठेवावा, हे बालकवींच्या प्रकरणाने सिद्ध होते. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान दिले, ते याच घरातल्या अनुभवाचे मोठे रूप होय, असे मला वाटते. दोन वर्षांतच टिळक वारले आणि दरबाराचा प्रयोग अपुरा राहिला. ‘ख्रिस्तायना’चा मोठा भाग मात्र लक्ष्मीबाईंनी लिहून काढला. एकेकाळी अक्षरे गिरवणाऱ्या शिष्येने गुरूचे काव्य पुढे नेले!

ग्रंथात उणिवा नाहीत असे नाही. चौथा भाग विस्कळीत आहे. लेखिकेच्या निधनामुळे तो अपुरा राहिला. आपल्या आध्यात्मिक अनुभवाविषयी लक्ष्मीबाई इतक्या थोडक्यात बोलतात की, विनोदाच्या आड त्यांनी काही लपविले असावे, अशी शंका येते. श्रद्धा कशी आली हे त्या सांगतात, आल्यावर ती कशी टिकली हे फारसे सांगत नाहीत. आणि मंडळीत आलेल्या नवख्याला खरी सोबत लागते ती या दुसऱ्या टप्प्यावर. या बाबतीत रमाबाईंची पत्रे अधिक खोल जातात.

तरीही परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पुस्तक नव्याने वाचण्याजोगे आहे. बदली होऊन नव्या गावी आलेला माणूस कोणातरी आधी आलेल्याच्या आधाराने उभा राहतो: घर त्याने पाहिलेले, शाळा त्याने सुचविलेली, मंडळाची ओळख त्याने करून दिलेली. अशा उपकाराच्या ओझ्याखाली आपण त्याची मतेही नकळत उचलतो, आणि पुढे आपण जुने झालो की दुसऱ्याच्या डोक्यावर आपली ठेवतो. धर्ममंडळीत हेच अधिक तीव्रतेने घडते, कारण तेथे पणाला लागलेला असतो तो माणसाचा आत्मा. नवख्याला आपल्या घरात जागा द्यावी, पंक्तीत पान मांडावे, विचारील ते सांगावे. आणि त्याची चूल त्याच्या हाताने विझेपर्यंत, किंवा कधीच न विझो, तिच्यापुरते सरपण आपणच आणून द्यावे. टिळकांना हे साधले ते पत्नीच्या निग्रहामुळे. कोणाला ते स्वभावानेच साधत असेल, तर त्याच्या मंडळीचे भाग्य थोर.