‘सबव्हर्ट’ : बुडापासून उलथणें

अलीकडे मराठी पुस्तकांच्या प्रस्तावना व परीक्षणें वाचतांना ‘सबव्हर्सिव्ह’ हा इंग्रजी शब्द वारंवार आमच्या दृष्टीस पडतो. अमुक कविता ‘सबव्हर्सिव्ह’ आहे, तमुक नाटकानें रूढ संकेत ‘सबव्हर्ट’ केले, असें लिहिलें कीं लेखकाचा गौरव झाला आणि टीकाकाराचेंही काम संपलें, असा समज झालेला दिसतो. हाच शब्द सरकारी भाषेंत आला म्हणजे मात्र वृत्तपत्रें त्याचें ‘विघातक’ असें भाषांतर करतात, आणि तो ज्याला चिकटेल त्याला तुरुंगाचें दार दिसूं लागतें. एकाच शब्दानें कवीला शाबासकी आणि आरोपीला बेडी मिळत असेल, तर तो मुळांत सांगतो तरी काय, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे.

शब्द लॅटिन आहे. ‘सब’ म्हणजे खालून, आणि ‘व्हर्टेरे’ म्हणजे फिरविणें, वळविणें. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो इंग्रजींत आला. ‘व्हर्टेरे’ हा आपल्या संस्कृत ‘वृत्’ धातूचा सख्खा भाऊ, आणि ‘सब’चें नातें ‘उप’शीं. तेव्हां वर्तन, आवर्तन, परिवर्तन हे सारे ह्या परक्या दिसणाऱ्या शब्दाचे भाऊबंदच होत. ह्याच कुळांतील ‘वर्तुल’ शब्दापासून मराठींत ‘वाटोळें’ आलें. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत, टायटस ह्यास लिहिलेल्या पत्रांत, खोटे उपदेशक घरेंच्या घरें ‘सबव्हर्ट’ करतात असें म्हटलें आहे. त्याला ‘घरांचें वाटोळें करतात’ ह्याहून चांगलें मराठी आम्हांस सुचत नाहीं. दोन भाषांनीं एकाच धातूपासून निघून एकाच अनर्थाशीं येऊन पोंचावें, ही मौज भाषेच्या अभ्यासकांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

इंग्रजीचा स्वतःचा, घरचा शब्द ‘ओव्हरथ्रो’. त्यांतल्या ‘थ्रो’चा अर्थ आज फेकणें असा आहे, जुन्या इंग्रजींत तो पिळणें, फिरविणें असा होता, आणि कुंभार चाकावर मडकें घडवितो त्या क्रियेला इंग्रज अजूनही हेंच क्रियापद लावतो. आपलें ‘उलथणें’ तव्यावरच्या भाकरीलाही चालतें आणि राज्यालाही चालतें. भाकरी उलथली म्हणून ती नाहींशी होत नाहीं. दुसरी बाजू वर येते. नाश आणि पालट हे दोन्ही अर्थ अशा रीतीनें ह्या शब्दांच्या पोटांत प्रथमपासून नांदत आले आहेत. बायबलांतील योनाच्या कथेंत तर सगळी कथाच ह्या द्व्यर्थावर उभी आहे. चाळीस दिवसांत निनवे नगरी उलथली जाईल, अशी योना दवंडी पिटतो. तेथील हिब्रू क्रियापद फिरविण्याचेंच आहे, आणि सेंट जेरोमनें त्यासाठीं लॅटिनमध्यें ‘सबव्हर्टेरे’च योजिलें. नगर बचावतें, कारण लोकांचें मन पालटतें. भविष्य खोटें पडलें म्हणून योना रुसून बसतो. पण नगरी उलथली नाहीं असें तरी कोणीं म्हणावें?

आतां ‘खालून’ ह्या अंशाकडे वळूं. आजचे टीकाकार त्याचा अर्थ ‘खालच्या लोकांनीं’ असा धरून चालतात. तळचा माणूस वरच्याला पाडतो तें ‘सबव्हर्शन’, असें त्यांचें गणित. इंग्लंडचा इतिहास मात्र ह्याच्या अगदीं उलट साक्ष देतो. पहिल्या चार्ल्स राजाचा प्रबळ मंत्री स्ट्रॅफर्ड ह्याच्यावर पार्लमेंटनें आरोप ठेवला, तो राज्याचे मूलभूत कायदे ‘सबव्हर्ट’ करूं पाहिल्याचा. राजद्रोह म्हणजे राजाविरुद्धचा अपराध, हीच तोंवर कायद्याची समजूत. आणि स्ट्रॅफर्ड तर राजाचा उजवा हात! तरीही पिम आदिकरून मंडळींनीं असें प्रतिपादिलें कीं, जो कायद्याचा पाया उखडतो तो राजा आणि प्रजा ह्यांना जोडणारें बंधनच तोडतो, म्हणून तोच खरा द्रोही. न्यायासनापुढें हा युक्तिवाद डळमळूं लागला, तेव्हां त्यांनीं खास कायदा करून त्याला दोषी ठरविलें. १२ मे १६४१ रोजीं स्ट्रॅफर्डचा शिरच्छेद झाला. ती पद्धति न्याय्य होती असें आम्ही म्हणत नाहीं. आर्चबिशप लॉडही तशाच आरोपाखालीं १६४५ सालीं वधस्तंभाकडे गेला. पुढें १६८९ सालच्या हक्कांच्या सनदेंत हेंच क्रियापद दुसऱ्या जेम्सला, म्हणजे खुद्द राजाला, लावलें गेलें.

मंत्री, धर्माधिकारी, राजा : शब्दाचे हे नामांकित आरोपी सर्व वरचे! त्यांनीं खालून उलथलें तें काय? तर ज्यावर सर्वांचे पाय टेकले होते तो पाया. उलथणारा कोणत्या पायरीवर उभा आहे ह्याची चौकशी तो शब्द करीतच नाहीं.

विसाव्या शतकांत शब्दाची मालकी बदलली. अमेरिकेंत १९३८ सालीं नेमलेली काँग्रेसची चौकशी-समिति आणि १९५० चा अंतर्गत सुरक्षेचा कायदा ह्यांनीं तो नागरिकांकडे रोखला, आणि त्या धामधुमींत नाटककार व चित्रपटलेखकही सांपडले. ब्रिटिशांनीं १९८९ च्या कायद्यांत निदान पार्लमेंटरी लोकशाही उलथविणें वा पोखरणें असें कर्म तरी स्पष्ट नमूद केलें. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १५२ व्या कलमांत ‘सबव्हर्सिव्ह’ कृत्यांना चिथावणी देणें हा अपराध ठरला आहे. त्या कलमांत शब्दाची व्याख्या मात्र दिलेली नाहीं. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांच्या खटल्यांत न्यायमूर्ति स्ट्रॅची ह्यांनीं अप्रीति म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीस सांगितला होता. शब्द मोकळा सोडला म्हणजे तो कोठवर ताणला जातो, हें महाराष्ट्रास निराळें शिकवावयास नको.

व्याकरणाचा दोष येथेंच आहे. क्रियापद सकर्मक, काय उलथलें हें सांगितल्यावांचून वाक्य पुरें होत नाहीं. विशेषण केलें कीं कर्म गळून पडतें. फिर्यादी आणि स्तुतिपाठक ह्या दोघांनाही ही सवलत सारखीच सोयीची वाटते. कर्म विचारणारे टीकाकार नाहींत असें नव्हे. स्टीव्हन ग्रीनब्लॅट ह्यांनीं १९८१ सालच्या आपल्या निबंधांत असें मांडलें कीं, सत्ता स्वतःच बंडखोर विचार जन्मास घालते आणि त्यांना कवेंत घेऊन अधिक बळकट होते. हा निष्कर्ष आम्हांस सर्वत्र पटत नाहीं, तथापि प्रश्न योग्य आहे.

त्या प्रश्नाची कसोटी लंडनमध्यें पूर्वींच झाली होती. ७ फेब्रुवारी १६०१ रोजीं अर्ल ऑफ एसेक्सच्या अनुयायांनीं शेक्सपियरच्या नाटकमंडळीकडून दुसऱ्या रिचर्डच्या पदच्युतीचें नाटक मुद्दाम करविलें. तें जुनें झालें आहे, प्रेक्षक येणार नाहींत, अशी नटांची कुरकुर. म्हणून त्यांना चाळीस शिलिंग जादा द्यावे लागले. दुसऱ्या दिवशीं बंड उठलें आणि त्याच दिवशीं बसलें. चौकशींत नटांच्या वतीनें ऑगस्टीन फिलिप्सनें जबानी दिली, ती मान्य झाली, आणि कोणाही नटास शिक्षा झाली नाहीं. एसेक्सचा शिरच्छेद २५ फेब्रुवारीस झाला. आदल्या दिवशीं तीच मंडळी दरबारांत राणीपुढें नाटक करीत होती.