बातमीच्या आवाजाची नक्कल

1 एप्रिल 1957 च्या संध्याकाळी बीबीसीच्या 'पॅनोरामा' या गंभीर प्रकृतीच्या कार्यक्रमात एक छोटा वृत्तांत दाखवला गेला. हिवाळा सौम्य गेल्यामुळे स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात यंदा स्पॅगेटीचं पीक उत्तम आलं आहे, असं त्यात सांगितलं होतं. बायका झाडांवरून लोंबणारी स्पॅगेटी हलक्या हातानं उतरवत होत्या, टोपल्यांत भरत होत्या, उन्हात वाळत घालत होत्या. निवेदनाचा आवाज होता रिचर्ड डिम्बल्बी यांचा. चार वर्षांपूर्वी राणीच्या राज्याभिषेकाचं वर्णन देशाला ऐकवणारा हाच आवाज. शेकडो लोकांनी बीबीसीला फोन केले. हे झाड आपल्या बागेत कसं लावायचं, असंही काहींनी विचारलं.

त्या काळी ब्रिटनमध्ये स्पॅगेटी बहुतेकांना ठाऊक होती ती डब्यातली, टोमॅटोच्या रसात बुडवलेली. तरी लोकांनी विश्वास ठेवला त्याचं खरं कारण डिम्बल्बींचा आवाज. त्या वृत्तांतात कुठल्याही मंत्र्याची टिंगल नव्हती. बातमी ज्या सुरात सांगितली जाते, त्या सुराला आपण किती पटकन शरण जातो, एवढंच त्यानं दाखवून दिलं. बातमीवरच्या ब्रिटिश विनोदाची खरी ताकद इथे आहे, असं मला वाटतं. हा विनोद अधिकृत आवाज आतून ताब्यात घेतो तेव्हा थोर होतो. बाहेर बसून बातम्यांवर शेरे मारू लागतो तेव्हा लवकर शिळा होतो. गेल्या सत्तर वर्षांतले त्याचे चढउतार या कसोटीवर तपासता येतात.

या परंपरेचं एक मूळ आपल्या अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये सापडतं. स्पाइक मिलिगनचा जन्म 16 एप्रिल 1918 रोजी तिथे झाला. वडील ब्रिटिश लष्करात. बालपणाचा मोठा काळ पुण्यात आणि रंगूनमध्ये गेला. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर तो जखमी झाला, आणि त्या धक्क्याचे मनावरचे परिणाम त्यानं जन्मभर सोसले. 1951 ते 1960 या काळात बीबीसी रेडिओवर चाललेला 'द गून शो' प्रामुख्यानं त्यानंच लिहिला. त्यातल्या घटना स्वप्नासारख्या घडतात. एका वाक्यात माणूस लंडनमध्ये असतो, पुढच्या वाक्यात वाळवंटात, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. या सगळ्या वेडेपणाची घोषणा करणारा वॉलेस ग्रीनस्लेड हा बीबीसीवर बातम्या वाचणारा खराखुरा निवेदक होता. देशाला बातम्या सांगणाराच ही स्वप्नंही त्याच संथ, घरंदाज सुरात जाहीर करत होता.

त्या काळात बीबीसीच्या विनोदी कार्यक्रमांना एक अंतर्गत नियमावली लागू होती. शौचालय, मधुचंद्राची जोडपी, अंजिराचं पान यांवरचे विनोद तिनं निषिद्ध ठरवले होते. राजकीय नेत्यांच्या नकलांवरही बंधनं होती. सरळ वाट बंद असल्यामुळे मिलिगन तर्काच्याच मुळाशी गेला. 1969 च्या वसंतात त्याचं 'क्यू फाइव्ह' टीव्हीवर आलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'माँटी पायथन' सुरू झालं. पायथनच्या मंडळींनी मिलिगनचं ऋण उघडपणे मान्य केलं आहे. सूटबूट घातलेला जॉन क्लीज निवेदकाच्या टेबलामागे बसलेला, पण ते टेबल भलत्याच ठिकाणी, उघड्यावर मांडलेलं, हे दृश्य ग्रीनस्लेडच्या आवाजाचंच चित्ररूप आहे.

दुसरी धारा थेट राजकारणाची. 1960 मध्ये एडिंबरा महोत्सवात 'बियाँड द फ्रिंज' रंगमंचावर आलं आणि त्यात पीटर कुकनं पंतप्रधान मॅकमिलन यांची नक्कल केली. पुढच्या वर्षी 'प्रायव्हेट आय' हे पाक्षिक निघालं. नोव्हेंबर 1962 मध्ये बीबीसीनं शनिवारी रात्री 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' सुरू केलं. तरुण डेव्हिड फ्रॉस्ट आठवड्याच्या बातम्या समोर ठेवायचा आणि मंत्र्यांची नावं घेऊन त्यांचा हिशेब मांडायचा. 1964 हे निवडणुकीचं वर्ष, म्हणून 1963 च्या अखेरीस कार्यक्रम थांबवण्यात आला. एवढ्या अल्पायुष्यातही सत्तेपुढे मान तुकवण्याची सवय त्यानं मोडली, हे त्याचं श्रेय निर्विवाद आहे.

या धारेतली दोन कामं मला सर्वांत भक्कम वाटतात. पहिलं 'येस मिनिस्टर', 1980 पासूनचं. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी त्यात कुठल्या पक्षाचं नाव घेतलं नाही. मंत्री आणि सचिव यांच्यातल्या संबंधांची यंत्रणाच उघडी केली. त्यातल्या सचिवाचं, सर हम्फ्रीचं लांबलचक, कुठेच न पोचणारं वाक्य हा सरकारी भाषेचा अचूक अभ्यास होता. म्हणून ते देशांतर करू शकलं. 2001 मध्ये फारुख शेखना घेऊन 'जी मंत्रीजी' हिंदीत आलं तेव्हा मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला त्यात परकं काही वाटलं नाही. दुसरं 'स्पिटिंग इमेज', 1984 ते 1996. पीटर फ्लक आणि रॉजर लॉ यांच्या रबरी बाहुल्या नुसत्या हुबेहूब नव्हत्या. प्रत्येक बाहुली म्हणजे एक निवाडा होता. मार्गारेट थॅचर पुरुषी सूटमध्ये दिसायच्या. उदारमतवादी नेते डेव्हिड स्टील यांना सहकारी डेव्हिड ओवेन यांच्या खिशातला छोटा बाहुला केलं होतं. त्या प्रतिमेनं आपलं नुकसान केलं, असं खुद्द स्टील यांचं मत होतं.

मग आलं 1994 मधलं 'द डे टुडे'. फक्त सहा भाग, पण या कलेचं शिखर मला तिथेच दिसतं. स्काय न्यूजमुळे 1989 पासून ब्रिटनमध्ये चोवीस तास बातम्या सुरू झाल्या होत्या. धडाडणारं संगीत, फिरणारे गोल आणि निवेदकाचा दरारा वाढत चालला होता. क्रिस मॉरिस आणि अर्मांडो इयानुची यांनी ही सगळी सजावट जशीच्या तशी उचलली आणि तिच्यात पूर्णपणे अर्थहीन मजकूर भरला. आत काही नसलं तरी ती तितकीच भारदस्त वाटते, ही भीती प्रेक्षकाला पहिल्यांदा जाणवली. 1997 च्या 'ब्रास आय'मध्ये मॉरिसनं पुढचं पाऊल टाकलं. 'केक' नावाचं एक काल्पनिक मादक द्रव्य रचून त्यानं नामवंतांकडून कॅमेऱ्यासमोर त्याविरुद्ध इशारे वदवून घेतले. एका खासदारानं तर त्याबद्दल संसदेत प्रश्न विचारला. जाहीर काळजी व्यक्त करण्याचीही एक ठरलेली भाषा असते, आणि ती बोलणारा आपण काय बोलतोय हे तपासतोच असं नाही, हे त्यातून सिद्ध झालं.

याच सुमारास दुसरी एक पद्धत रुजत होती आणि शेवटी तीच जिंकली. 1990 मध्ये सुरू झालेलं 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' अजून चालू आहे. इयान हिस्लॉप आणि पॉल मर्टन यांची हजरजबाबी वृत्ती मी मनापासून मानतो. 1993 मध्ये राजकारणी रॉय हॅटर्सली ऐनवेळी आले नाहीत म्हणून त्यांच्या खुर्चीवर चरबीचा डबा ठेवून कार्यक्रम पार पाडला गेला, तो प्रसंग अजरामर आहे. पण चर्चेचं टेबल, पाहुणे आणि आठवड्याची कात्रणं ही रचना स्वस्त पडते, पटकन तयार होते, आणि म्हणून वाहिन्यांना आवडते. 2005 ते 2022 चाललेलं 'मॉक द वीक' हे तिचंच धाकटं भावंड. तिथे एकेकट्या कलाकारांची चढाओढ एवढी तीव्र असायची की जो ब्रँड या विनोदी अभिनेत्रीनं तिथे जाणं सोडलं. शेवटी 2014 मध्ये सगळेच पुरुष असलेलं पॅनेल यापुढे चालणार नाही, असं बीबीसीला जाहीर करावं लागलं.

या रचनेचा मोठा दोष मात्र वेगळा आहे. टेबलाशी बसलेला राजकारणी त्या हसण्यात सामील होतो. बोरिस जॉन्सन 1998 मध्ये पाहुणे म्हणून आले, नंतर त्यांनी सूत्रसंचालनही केलं. 2008 मध्ये ते लंडनचे महापौर आणि 2019 मध्ये पंतप्रधान झाले. त्यांच्या उदयाचं सगळं खापर एका कार्यक्रमावर फोडणं अन्याय होईल. पण विस्कटलेल्या केसांचा, गडबडणारा, निरुपद्रवी गृहस्थ ही त्यांची प्रतिमा घरोघरी पोचवण्यात त्या टेबलाचा वाटा नाकारता येत नाही. स्टील यांची बाहुली त्यांना विचारून बनवलेली नव्हती. जॉन्सन यांनी आपली बाहुली स्वतः बनवली आणि कार्यक्रमानं तिला मंच दिला.

बातम्यांच्या बाहेरही ही कसोटी खरी ठरते. 1998 मध्ये टीव्हीवर आलेल्या 'गुडनेस ग्रेशस मी'मध्ये मुंबईतली तरुण टोळी दारू पिऊन इंग्रजी हॉटेलात जाते, वेटरच्या नावाचा चुकीचा उच्चार करते आणि सगळ्यांत अळणी पदार्थ मागवते. ब्रिटनमधल्या भारतीय हॉटेलांत शुक्रवारी रात्री जे घडतं तेच इथे उलटं करून दाखवलं होतं. मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया यांनी वंशभेदावर भाषण केलं नाही. यजमान देशाची रीत त्यांनी आपल्या अंगावर घातली आणि तिच्यातला उद्दामपणा आपोआप दिसू लागला.

आज चित्र काय आहे? बीबीसीनं 'द मॅश रिपोर्ट' हा बातम्यांवरच्या व्यंग्याचा कार्यक्रम 2021 मध्ये बंद केला. 2020 मध्ये परतलेल्या 'स्पिटिंग इमेज'मध्ये बाहुल्या चांगल्या होत्या, पण निवाडा बोथट झाला होता. दोन मालिकांनंतर ते थांबलं. रेडिओवरचा 'द नाऊ शो' 2024 मध्ये संपला. शिवाय एक जुना नियम अजून कायम आहे: संसदेच्या कामकाजाची दृश्यं व्यंग्याच्या कार्यक्रमात वापरता येत नाहीत. ज्या संसदेनं जगाला वादविवाद शिकवला, तिनं स्वतःच्या चित्रणाला असं कुंपण घालावं हे मला लाजिरवाणं वाटतं. तो नियम रद्द झाला पाहिजे.

तरीही कला संपलेली नाही. चार्ली ब्रूकरच्या 'न्यूजवाइप'नं 2009 पासून वार्तांकनाचे साचे एकेक करून सोडवून दाखवले. त्याच्याच कार्यक्रमांतून डायेन मॉर्गनची फिलोमेना कंक घडली. 2022 च्या 'कंक ऑन अर्थ'मध्ये ती माहितीपटातल्या विद्वानाच्या चालीनं अवशेषांमधून फिरते आणि खऱ्या प्राध्यापकांना अत्यंत शांतपणे अत्यंत निरर्थक प्रश्न विचारते. डिम्बल्बींचा वारसा तिच्याकडे आला आहे. ब्रूकरच्याच 'ब्लॅक मिरर'च्या 2011 मधल्या पहिल्या भागात पंतप्रधानाची अमानुष विटंबना सगळा देश पडद्याला डोळे लावून पाहतो. तिथे मिलिगनचं स्वप्न दुःस्वप्न होतं आणि बातमी हीच त्याची यंत्रणा असते.

या दोन्ही कामांमागे लेखन आहे, अनेक महिन्यांची तयारी आहे आणि त्यासाठी कुणीतरी मोजलेले पैसे आहेत. ब्रिटिश वाहिन्यांनी नेमकी हीच गुंतवणूक टाळली आहे. हजरजबाबी पाहुणे त्यांना दर आठवड्याला मिळतात. 'द डे टुडे' लिहिणारी माणसं मात्र रेडिओवर, कमी प्रेक्षकांच्या वेळेत, चुका करायला मोकळीक मिळाली म्हणून तयार झाली होती. ती मोकळीक परत दिली पाहिजे. आता बातमीचा अधिकृत आवाज एकच उरलेला नाही. तो प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगवेगळ्या सुरांत बोलतो, आणि बनावट वृत्तांत रचणं कुणालाही जमतं. अशा वेळी खरा सूर आणि खोटा सूर यांतला फरक कानाला शिकवणारा विनोद ही समाजाची गरज आहे. ब्रिटननं हे शिक्षण जगात सर्वांत आधी आणि सर्वांत कसोशीनं दिलं. ते चालू ठेवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आहे.