‘असे का होते?’ ही चौकट

सुट्टी जवळ आली की ‘घरच्या घरी विज्ञानाची गंमत’ अशा धर्तीची पुस्तके दुकानांत दिसू लागतात. मुलांनी घर डोक्यावर घेतलेले असते, आईवडील मेटाकुटीला आलेले असतात. तासभर मुले गुंतून राहिली तरी पुस्तकाचे पैसे वसूल झाले असे वाटते. मुलांनी गुंतून राहावे यात आम्हांला काहीच गैर दिसत नाही. आमची तक्रार आहे ती प्रत्येक प्रयोगाखाली छापलेल्या ‘असे का होते?’ या चौकटीबद्दल.

मेणबत्तीचा प्रयोग घ्या. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा घातलेला काचेचा पेला. ज्योत विझते आणि पाणी आत चढते. चौकट सांगते, हवेचा सुमारे एक-पंचमांश भाग ऑक्सिजन असतो. तो जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. आपल्यापैकी अनेकांनी प्रयोगवहीत हेच लिहिले आहे. आम्हीही लिहिले होते.

आमच्या घरी हा प्रयोग चालला असताना सात वर्षांची भाची म्हणाली, “पण मावशी, पाणी तर ज्योत विझल्यावर चढलं!” चौकट मोडीत काढायला एवढे निरीक्षण पुरेसे आहे. ऑक्सिजन संपत गेल्याने पाणी चढत असते, तर ज्योत जळत असतानाच ते हळूहळू चढायला हवे होते. प्रत्यक्षात पेला ठेवताना ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावलेली असते. पेल्याच्या काठाखालून कधीकधी बुडबुडे निसटतानाही दिसतात. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहा. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढते. शिवाय ज्योत विझते तेव्हा पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि जो जळतो त्याच्या मोबदल्यात कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होतच असते. (पेटवापेटवी अर्थात मोठ्यांनीच करावी.)

नुसती चूक असती तर शुद्धिपत्र पुरले असते. पण त्या दिवशी घरातल्या कोणीतरी पुस्तक उघडून भाचीला ‘बरोबर उत्तर’ वाचून दाखवले आणि ती गप्प बसली. जे तिने डोळ्यांनी पाहिले होते ते छापील ओळीपुढे खोटे ठरले. पाचसात वर्षांच्या मुलाला रेणू आणि दाब यांची घाई नसते. त्याला प्रयोग पुन्हा करायचा असतो, थोडा बदलून.

म्हणून आम्हांला अरविंद गुप्ता यांची आगकाड्यांची मॉडेल्स अधिक मोलाची वाटतात. १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी त्यांचा संबंध आला, आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे सांधे म्हणून वापरण्याची युक्ती तिथूनच शाळांपर्यंत गेली. एकच उणे: ती बारीक नळी कापणे, काट्याने तिला भोक पाडणे हे लहान बोटांना जमत नाही. मॉडेल बाबा करतात आणि मूल बघत बसते. घरी त्याऐवजी रात्रभर भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक घ्याव्यात. फ्रोबेल यांच्या बालोद्यानाच्या साहित्यात काड्या-वाटाण्यांचा हा खेळ एकोणिसाव्या शतकातच होता. फक्त अगदी धाकट्यांवर लक्ष हवे. वाटाणा नाकात घालण्याचा प्रयोगही ती करतात.

त्रिकोण ताठ राहतो, चौकोन कलतो, हे मुलाला हातांनीच कळते. मग बारा काड्यांचा घन करू द्यावा. वाटाणे ओले असेतोवर तो डुगडुगतो आणि आडवा होतो. त्याच बारा काड्यांनी एक चौरस करून त्याच्या वर एक आणि खाली एक असे शिखर जोडले की अष्टफलक होतो, आणि तो दाबला तरी आकार सोडत नाही. काड्या सारख्याच असताना हे का घडले, हे लगेच सांगू नये. मूल बहुधा घनाच्या एखाद्या पृष्ठावर तिरकी काडी लावायला जाईल आणि काडी अपुरी पडेल. मग लांब काडीची शोधाशोध सुरू होईल, खराट्याची चालते. अशा किती लागतात ते त्यालाच मोजू द्यावे. आमच्याकडे सहा लागल्या, प्रत्येक पृष्ठावर एक.